शेर, पायली आणि किलो : कोरड्या जिन्नसांच्या माप-वजन रूपांतराचा विचार (जालना जिल्ह्याच्या संदर्भात)

मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ज्वारी, बाजरी, डाळी हे जिन्नस परंपरेने तोलण्यापेक्षा मापले जात. जालना परिसरही त्यास अपवाद नव्हता. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली हे कोष्टक जुन्या पिढीच्या तोंडपाठ असे. पायलीचा आकार मात्र सर्वत्र सारखा नव्हता. त्यातच ‘शेर’ हे नाव वजनालाही होते. ब्रिटिश अमदानीतील 80 तोळ्यांचा शेर सुमारे 933 ग्रॅम भरे. 1956 च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली व ऑक्टोबर 1958 पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. शेर गेला, वाटीने मोजण्याची रीत मात्र टिकून राहिली.

आकारमानावरून वजन काढावयाचे तर जिन्नसाची स्थूल घनता, म्हणजे दाण्यांमधील पोकळीसह येणारी घनता, विचारात घ्यावी लागते. 240 मिलिलिटरच्या सपाट कपात मैदा सुमारे 125 ग्रॅम, रवा 165 ते 170, तांदूळ 190, साखर 200, तर बारीक मीठ 290 ग्रॅमच्या आसपास मावते. पीठ चाळून अलगद भरले की दाबून, एवढ्यानेही वजनात एक चतुर्थांशाचा फरक पडू शकतो.

खरी मेख शिगेत आहे. धान्याची शीग सुमारे 25 अंशांच्या उताराने स्थिरावते असे मानल्यास, 10 सें.मी. व्यासाच्या एक लिटरच्या उभट मापावर सुमारे 60 मिलिलिटर धान्य अधिक राहते. त्याच धारणेच्या, पण 14 सें.मी. व्यासाच्या पसरट मापावर सुमारे 165 मिलिलिटर. नाव एकच, माप एकच, तरी सहा आणि सोळा टक्के असा भेद! मजुरी वा बलुते धान्यात मिळत असे तेव्हा माप उभट की पसरट, सपाट की शिगोशीग, हा प्रश्न घेणाऱ्याच्या पोटाचा होता.

आज तो शालेय पोषण आहारात उभा राहतो. शासकीय निकषानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे 100 ग्रॅम धान्य व 20 ग्रॅम डाळ अपेक्षित आहे. जिल्ह्यातील 60 पटाच्या एखाद्या शाळेचे उदाहरण घेतल्यास तांदूळ 6 किलो लागतो. ‘एक लिटर म्हणजे एक किलो’ हे पाण्याचे गणित धान्यास लावून सहा मापे घेतली, तर लिटरमागे सुमारे 800 ग्रॅम या हिशेबाने 4.8 किलोच तांदूळ शिजतो. मुलाच्या वाट्याला 80 ग्रॅम येतात. पसरट मापाने शिगोशीग भरूनही बेरीज 5.6 किलोपर्यंतच जाते. सपाट मापाने साडेसात मापे घ्यावी लागतील.

यावर उपाय सोपा आहे. शाळेतीलच तांदूळ त्याच भांड्यात तीनदा सपाट भरून तराजूवर तोलावा, सरासरी काढावी आणि पटानुसार लागणारी मापे स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावीत. डाळीसाठी हीच कृती स्वतंत्रपणे करावी. तांदळाचे वाण वा प्रत बदलली की दाण्याचा आकार बदलतो. तेव्हा नवे पोते फोडताना भिंतीवरचा आकडा पुन्हा तपासावा लागतो.