रानांतील अळंबीं ओळखण्याविषयीं

आर्द्रा-पुनर्वसूचा पाऊस झाला कीं बांधांवर, वारुळांवर व गुरचरणींत भूछत्रें दिसूं लागतात, आणि भाजीच्या आवडीनें पोरेंसोरें तीं टोपल्या भरून घरीं आणतात. विषारी कोणतें हें ओळखण्याच्या ज्या युक्त्या घरोघरीं सांगतात, म्हणजे भाजींत रुप्याचें नाणें किंवा लसूण काळी पडते काय, किड्यांनीं तें खाल्लें आहे काय, त्या सर्व निरुपयोगी होत. शिजविल्यानें विष जातें हाही भ्रमच.

खरी पारख अंगलक्षणांची. भूछत्र वरून खुडूं नये. माती उकरून बुडासकट काढावें. दस्ताचें शेवटचें पान पाहिल्यावांचून आम्ही दप्तरांत नोंद घेत नसूं. येथें तें पान मातींत असतें.

वारुळाच्या अळंब्याचें (गोमंतकांत अळमीं म्हणतात) छत्र मध्यभागीं टोंकदार असतें. बहुतेक जातींत देठास कडें नसतें, आणि तो देठ मुळासारखा निमुळता होत वारुळांत वाळवीनें पोसलेल्या बुरशीच्या पोळ्यापर्यंत खोल जातो. ही शेपटी मुख्य खूण होय.

गवतांत उगवणारें एक मोठें पांढरें भूछत्र यासारखेंच भासतें. परंतु त्याच्या छत्रावर तपकिरी खवले असतात, देठावर सरकणारें कडें असतें आणि शेपटी नसते. छत्राखालील पापुद्रे कोवळेपणीं पांढरे असतात, म्हणून जाणताही फसतो; जून झाल्यावर ते हिरवट होतात. संशय असल्यास पूर्ण उमललेलें छत्र देठ कापून पांढऱ्या कागदावर पालथें ठेवावें व वर वाडगें झांकावें. सकाळीं कागदावर बीजरज पडलेलें दिसेल. हिरवट पडलें तर तें हेंच. वारुळाच्या अळंब्याचें फिकट गुलाबी पडतें. हिरव्या रजाच्या या भूछत्रानें थोड्याच तासांत ओकाऱ्या व जुलाब सुरू होतात.

याहून घातक जात निराळी. देठाच्या बुडाशीं अंड्याच्या फुटक्या टरफलासारखी पिशवी असेल तें रानचें भूछत्र टोपलींत घेऊंच नये. ही पिशवी बहुधा मातींत दडलेली असते, व खुडणाऱ्यास ती कधींच दिसत नाहीं. यांपैकीं कांहीं जातींचें विष खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीं अधिकही, कांहींच जाणवत नाहीं. मग ओकाऱ्या व जुलाब होतात. पुढें रोग्यास उतार पडल्यासारखा वाटतो, आणि त्याच वेळीं यकृत नासत असतें. म्हणून बरें वाटलें तरी रोग्यास घरीं ठेवूं नये. मोठ्या दवाखान्यांत न्यावें, ज्यांनीं ज्यांनीं ती भाजी खाल्ली त्या सर्वांस बरोबर घ्यावें, आणि उरलेल्या भूछत्रांचे तुकडे फेंकून न देतां कागदांत गुंडाळून डॉक्टरांस दाखवावे.