मज्जातंतूंची सोनोग्राफी : पाहणाऱ्या डॉक्टरांची पारख कशी व्हावी?

२०२५ च्या जानेवारीत पुणे शहर व परिसरात गुलियन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच ‘जीबीएस’, या आजाराने अनेक कुटुंबांची झोप उडवली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत रुग्ण अधिक होते आणि राज्यातील संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांतील बळ जाते आणि काही रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लावावा लागतो. पाठ्यपुस्तकातील ‘मज्जातंतू’ हा शब्द त्या दिवसांत घराघरांत पोहोचला. आपल्या हिंजवडी परिसरात तो आणखी एका तक्रारीमुळे परिचित आहे. मनगटातील नस दबल्याने बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होतो. या विकाराला ‘कार्पल टनेल’ म्हणतात.

अशा विकारांत आता मज्जातंतू व स्नायू यांची सोनोग्राफी केली जाते. सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भवती स्त्री किंवा पोटाचा विकार आठवतो. परंतु अधिक कंपनसंख्येच्या ध्वनिलहरींनी त्वचेखालील बारीक नसही स्पष्ट दिसते. मनगटातील नस कोठे सुजली आहे, कुष्ठरोगात कोपराजवळची नस जाड झाली आहे काय, श्वासपटल नीट हलते आहे काय, हे सुई न टोचता पाहता येते. तपासणीत वेदना नाही, किरणोत्सर्ग नाही आणि यंत्र रुग्णाच्या खाटेपाशी नेता येते. रोगनिदानासाठी डॉक्टरांची प्रत्यक्ष तपासणी आणि नसांच्या विद्युत चाचण्या मात्र आवश्यकच राहतात. सोनोग्राफी त्यांना पूरक आहे.

अडचण वेगळीच आहे. सोनोग्राफीतील चित्र बव्हंशी प्रोब धरणाऱ्या हातावर अवलंबून असते. आडव्या छेदात नस मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते आणि तिच्या शेजारीच कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, असते. नवखा डॉक्टर कंडरेलाच नस समजू शकतो. प्रोब किंचित कलता केला की कंडरा चटकन काळवंडते, नस तितकी काळवंडत नाही. ही खूण ज्याच्या हातात मुरली आहे तो फसत नाही. उलट प्रोब तिरका धरून मोजमाप घेतले, तर निरोगी नसेचे क्षेत्रफळही वाढलेले भरते. अशा चुकीच्या मापावरून एखाद्यावर अनावश्यक शस्त्रक्रिया होईल, तर दुसऱ्याचा खरा आजार निसटून जाईल. म्हणून प्रश्न यंत्राच्या किमतीचा नाही, ते वापरणाऱ्याच्या क्षमतेचा आहे.

ही क्षमता मोजायची कशी? सोनोग्राफीवर कायद्याचा अंकुश ठेवण्याचा इतिहास महाराष्ट्राला नवा नाही. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात देशातील पहिला कायदा १९८८ मध्ये आपल्या राज्याने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. त्याअंतर्गत २०१४ च्या नियमांनी एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांचे, ३०० तासांचे सोनोग्राफी प्रशिक्षण ठरवले आणि आधीपासून हे काम करणाऱ्यांना क्षमताचाचणीचा मार्ग दिला. या नियमांवर न्यायालयीन वाद झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्यांतील काही तरतुदी रद्द ठरवल्या, तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली. तथापि हे प्रशिक्षण पोट व ओटीपोटाच्या सोनोग्राफीचे आहे. त्यात उत्तीर्ण झालेल्या डॉक्टरांना मनगटातील नस ओळखता येईलच, असे म्हणता येत नाही.

पूर्वी वैद्यकीय प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थ्यासमोर एक रुग्ण आणि एक-दोन परीक्षक असत. रुग्ण सोपा मिळाला की अवघड, परीक्षक उदार की कठोर, यावर पुष्कळ काही ठरत असे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवी पद्धत मांडली. अनेक टेबले, प्रत्येकावर ठरावीक काम, ठरावीक वेळ, आणि सर्वांसाठी गुणांची एकच यादी. सोनोग्राफीसाठी अशीच मोजपट्टी २०१३ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांच्या पुढाकाराने विविध देशांतील तज्ज्ञांच्या सहमतीतून तयार झाली. तीत सात गोष्टी पाहतात : तपासणीची गरज ओळखणे, यंत्राचे ज्ञान, चित्र स्पष्ट करणे, क्रमवार तपासणी, चित्राचा अर्थ लावणे, नोंद ठेवणे आणि पुढील उपचाराचा निर्णय. प्रत्येक गोष्टीला पाच पायऱ्यांवर गुण दिले जातात.

शिक्षकाच्या दृष्टीने या पद्धतीचे मोल मोठे आहे. ‘मी हजार तपासण्या केल्या’ हा अनुभवाचा दावा झाला. तो क्षमतेचा पुरावा नव्हे. चुकीची सवय हजार वेळा गिरवली तरी ती चुकीचीच राहते. दुसरे असे, की निकष आधी लिहून ठेवले की उमेदवाराचे आडनाव, इंग्रजीचा उच्चार किंवा ओळखीपाळखी यांना गुण देण्यास जागा कमी उरते. ती पूर्णपणे नाहीशी होत नाही, म्हणून दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत आणि शक्य तेथे उमेदवाराचे नाव झाकून त्याने नोंदवलेली चित्रे तपासावीत. ‘गुणवत्ता’ हा शब्द आपल्याकडे पुष्कळदा मोजमापाविनाच वापरला जातो. येथे ती मोजली जाते, आणि कमी पडणाऱ्याला आपण नेमके कोठे कमी पडलो हे कळून पुन्हा शिकता येते.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना यातून काय घेता येईल? आपल्यावर वा घरातील कोणावर अशी तपासणी करण्याची वेळ आली, तर नम्रपणे तीन गोष्टी विचाराव्यात. या तपासणीचे स्वतंत्र प्रशिक्षण आपण कोठे घेतले? दुसऱ्या हाताच्या नसेशी तुलना केली काय? अहवालात चित्र व माप दोन्ही मिळतील काय? जाणकार डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येण्याचे कारण नाही. आणि आपल्या शाळेतून जे विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाकडे वळत आहेत, त्यांनी पदवी हाती आल्यावरही आपले काम दुसऱ्याच्या नजरेखाली तपासून घेण्याची सवय सोडू नये. रुग्णाचा हात त्यांच्या हातात विश्वासाने दिलेला असतो.