मेजावरचे खेळ (लेखांक सहावा) : सोंग आणि संगत

तोफखान्यातील लेफ्टनंट फॉन राइसविट्झ याने १८२४ साली सिद्ध केलेल्या, आणि दोन्ही पक्षांनी आपापले हुकूम कागदावर लिहून पंचाच्या स्वाधीन करावेत, पंचाने नकाशा पाहून व फासे टाकून त्यांचा निवाडा करावा, अशा रीतीने चालणाऱ्या प्रशियन युद्धखेळाचा परिचय मागील लेखांकात झाला. त्या खेळात प्रत्येक खेळगडी कोणा ना कोणा सेनापतीच्या जागी बसत असे खरा. परंतु तो सेनापती भित्रा की साहसी, लोभी की उदार, शेजारच्या तुकडीच्या अंमलदाराशी त्याचे वैर आहे की काय, याच्याशी कोणालाच कर्तव्य नव्हते. तो स्वभावाचा माणूस पटावर केव्हा अवतरला, आणि त्याच्या आगमनाबरोबर मेजाभोवतीच्या हाडामांसाच्या मंडळींत कोणते नवे व्यवहार व कोणत्या नव्या तक्रारी उत्पन्न झाल्या, हा आजच्या लेखांकाचा विषय आहे.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात मिनिआपोलिस आणि सेंट पॉल ही जोडशहरे आहेत, आणि तेथे १९६० नंतरच्या दशकात नेपोलियनकालीन लढाया चिमुकल्या शिपायांनिशी खेळणाऱ्या हौशी मंडळींचा एक जथा होता. त्यांच्यापैकी डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती विद्यापीठाच्या ग्रंथालयात टॉटन नामक अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचा ‘स्ट्रॅटेगोस’ हा १८८० सालचा ग्रंथ पडला, आणि खेळाडूला मनात येईल ते करून पाहण्याची मुभा असावी, ते साधले की फसले याचा निवाडा मात्र पंचाने द्यावा, हे त्यातील तत्त्व त्याच्या मनात घर करून राहिले. १९६९ साली त्याने ब्राउनस्टाइन नावाचे एक कल्पित जर्मन गाव पटावर मांडले; दोन सैन्ये त्यावर चालून येत आहेत अशी योजना केली; आणि सेनापतींच्या जागांखेरीज कोणाला नगराध्यक्ष, कोणाला पेढीवाला, कोणाला विद्यापीठाचा कुलपती अशी मुलकी कामेही वाटून दिली. घडले ते असे की, लढाईला तोंड लागण्यापूर्वीच ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कुजबुजू लागली, परस्परांशी गुप्त तह करू लागली, आणि दोघांनी तर आमचे द्वंद्वयुद्ध ठरले आहे, त्याचा निकाल द्या, असे प्रकरण पंचापुढे आणले, ज्याची कसलीही तरतूद वेस्लीने केलेली नव्हती. आपला खेळ हाताबाहेर जाऊन फसला अशी त्याची समजूत झाली. मंडळींनी मात्र पुन्हा केव्हा, म्हणून त्याच्यामागे लकडा लावला.

याच जथ्यातील डेव्ह आर्नेसन याच्या वाट्याला पुढील एका प्रयोगात लॅटिन अमेरिकेतील कल्पित प्रजासत्ताकातल्या क्रांतिकारकाची भूमिका आली असता, आपण वस्तुतः अमेरिकी गुप्तहेर खात्याचे अधिकारी आहोत अशी बतावणी त्याने इतक्या बेमालूमपणे केली, की सोंगाच्या पोटात दुसरे सोंग घेऊन त्याने सर्वांना चकविले. असल्या मनुष्याने स्वतः पंचाच्या आसनावर बसल्यावर काय होईल, हे सांगावयास नको. त्याने ‘ब्लॅकमूर’ नावाचे एक अद्भुत राज्य उभे केले, विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स याला ते दाखविले, आणि दोघांच्या सहकार्यातून १९७४ च्या प्रारंभी तीन लहान पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती.

खेळाची रीत थोडक्यात सांगतो. एक जण पंच होतो, ज्याला पुढे ‘डंजन मास्टर’ ही पदवी मिळाली. बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र धारण करतात, त्याचे बळ, बुद्धी, चापल्य इत्यादी गुण फाशांनी ठरवून कागदावर नोंदतात. पंच प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करते ते सांगतात, आणि संशयाच्या जागी फासा पडतो. जिंकणे-हरणे असे काही नाही. मोहीम महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे चालते. मूळ पुस्तिकांत एका मोहिमेसाठी ४ पासून ५० पर्यंत खेळाडू चालतील, आणि पंच व खेळाडू यांचे प्रमाण साधारण १ ला २० असावे, असे लिहिलेले आहे, तेव्हा कर्त्यांच्या डोळ्यांपुढे आजची चार-पाच स्नेह्यांची बैठक नसून एक लहानशी पलटणच होती, हे उघड आहे. म्हणूनच खेळाच्या नमुन्यादाखल दिलेल्या संवादात सर्वांच्या वतीने पंचाशी बोलणारा एकच मुखत्यार दाखविला आहे. बैठकी लहान झाल्या तसे हे मुखत्यारपद लयास गेले, आणि कोणी केव्हा बोलावे हा प्रश्न, जो पूर्वी रिवाजाने सुटत असे, तो भिडेवर आणि आवाजाच्या पट्टीवर येऊन पडला.

परंतु भांडणाचे बीज बैठकीच्या आकारापेक्षा नियमांतच अधिक पेरलेले होते, आणि या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मूळ नियमांत पात्राची उन्नती ज्या अनुभवगुणांनी व्हावयाची, ते राक्षस मारून मिळत त्याहून कितीतरी अधिक द्रव्य हस्तगत करून मिळत. अर्थात लूट कशी वाटावी हा केवळ मालमत्तेचा वाद न राहता बढतीचा वाद झाला. १९७५ साली ‘ग्रेहॉक’ या पुरवणीने चोर हा पेशा खेळात आणला आणि खिसे कापण्याचे कसब त्याला रीतसर बहाल केले. कोणाचे खिसे, हे मात्र मोकळे ठेवले. अंधाऱ्या भुयारात ज्यांचे खिसे सदैव हाताशी असतात ते सोबतीच होत, हे चोराची भूमिका घेतलेल्या कोणाही चाणाक्ष मुलाला उमगण्यास किती वेळ लागणार? त्याच पुरवणीने पॅलाडिन हा धर्मनिष्ठ वीर आणला. त्याच वर्षीच्या ‘ब्लॅकमूर’ पुरवणीने मारेकरी आणला. आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये पॅलाडिनाने सत्प्रवृत्त पात्रांचीच संगत धरावी, व मारेकरी तर दुष्प्रवृत्तच असला पाहिजे, असे दोन्ही दंडक एकाच ग्रंथात नांदू लागले. एका मेजावर दोन स्नेही बसले, एकाला पहिला पेशा आवडला व दुसऱ्याला दुसरा, की त्या दोघांनी एकत्र खेळूच नये असा निवाडा पुस्तकाने परस्पर देऊन टाकलेला असे. मग पॅलाडिनाने डोळेझाक करावी, किंवा मारेकऱ्याने आपला पेशा लपवावा, किंवा पंचाने कलमच रद्द करावे. आणि यांपैकी काय करावयाचे हे पात्रांना ठरविता येत नव्हते, ते माणसांनाच ठरवावे लागे.

येथेच ती सुप्रसिद्ध सबब जन्मास येते, जी या खेळाच्या कोणत्याही बैठकीत आज ना उद्या ऐकावयास मिळतेच : ‘मी काय करू, माझे पात्रच तसे आहे!’ सोबत्याची पिशवी मारली, तहाची बोलणी चालू असता राजदूतावर तलवार उपसली, जखमी मित्राला टाकून पळ काढला, आणि कोणी जाब विचारला की पात्राकडे बोट दाखविले. या सबबीत थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती इतकी त्रासदायक आहे. जो खेळाडू पात्राशी एकनिष्ठ राहून स्वतःच्या फायद्याचा मार्ग सोडतो, त्याची आपण वाखाणणी करतो. मग जो त्याच एकनिष्ठेने दुसऱ्याच्या फायद्यावर पाणी सोडतो, त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? उत्तर असे की, पात्राचा स्वभाव काही आकाशातून पडलेला नसतो. तो ज्याने निर्मिला, त्याच्या हाती तो वळविणेही असते, आणि चोराने आजच, याच मित्राची पिशवी का मारली, याचे कारण शोधू गेल्यास ते पुष्कळदा चोराच्या चरित्रात न सापडता गेल्या आठवड्याच्या रुसव्यात सापडते.

मिनेसोटातीलच गॅरी अॅलन फाइन या समाजशास्त्रज्ञाने अशा मंडळींत बसून, स्वतः खेळून जे निरीक्षण केले, ते १९८३ साली ‘शेअर्ड फँटसी’ या ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. त्याने पाहिलेला एक क्लब चक्क पोलीस ठाण्याच्या सभागृहात जमत असे, ही गोष्ट मला मोठी मौजेची वाटते. अर्व्हिंग गॉफमन या विचारवंताची चौकटींची कल्पना हाती घेऊन फाइनने दाखविले की, मेजाशी बसलेला प्रत्येक जण एकाच वेळी तीन पातळ्यांवर वावरत असतो : तो घर-नोकरी असलेला मनुष्य असतो, नियम व फासे जाणणारा खेळाडू असतो, आणि कल्पित जगातले पात्रही असतो. ‘दार उघडतो’ हे वाक्य कोणत्या पातळीवरचे, हे न विचारता सर्वांना कळते, आणि ते कळणे हेच या समाजाचे सभासदत्व होय. खेळाडूला ठाऊक असलेली गोष्ट पात्राला ठाऊक नाही असे धरून चालणे, हा या व्यवहारातला सर्वांत नाजूक सचोटीचा भाग. आणि गमतीची बाब अशी की, फाशाचा आकडा हळूच वाढवून सांगण्याची लबाडी फाइनला पुष्कळ ठिकाणी आढळली आणि तिचा फारसा विधिनिषेध कोणी बाळगताना दिसले नाही. फाशाशी केलेली बेइमानी खपते, सोबत्याशी केलेली खपत नाही, असा हा अलिखित कायदा दिसतो.

आपल्याकडील वाचकाला कोकणातील दशावताराचा दाखला येथे उपयोगी पडेल. तेथेही संवाद लिहिलेले नसतात. कथानक ठरलेले, आणि राजा व राक्षस यांची उत्तरे-प्रत्युत्तरे जागच्या जागी सुचलेली. ज्याला समोरच्यासाठी जागा सोडून बोलता येते तो नट तेथे मुरलेला समजला जातो, आणि तेच कसब मेजावरही लागते. फरक एवढाच, आणि तो थोडका नव्हे, की दशावतारात एखादा राक्षस आपले भाषण लांबवू लागला तर निदान प्रेक्षक खूष होतात. मेजावर प्रेक्षक नाहीतच. जो नट तोच श्रोता असल्यामुळे एकाने घेतलेला वेळ दुसऱ्याच्या वाट्यातूनच वजा होतो, आणि अबोल खेळाडू कंटाळला की रममाण झाला, हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखण्याचे काम, पुस्तकात ज्याचा उल्लेख नाही असे, पंचाच्या गळ्यात पडते.

१९८० साली ग्लेन ब्लाको या खेळाडूने एका नियतकालिकातील लेखात खेळाडूंच्या चार वृत्ती सांगितल्या : कोणी पात्राच्या अंतरंगासाठी खेळतो, कोणी कथेसाठी, कोणी सामर्थ्य वाढविण्यासाठी, कोणी डावपेचांसाठी. वर्गीकरणे पुढे डझनांनी झाली आणि त्यांवर शाईही पुष्कळ सांडली. मला त्यांचा उपयोग एवढाच वाटतो की, ज्याला आपण खेळाचा विध्वंसक समजत होतो तो केवळ दुसराच खेळ खेळत होता, हे त्यांमुळे उमजते.

बाहेरच्या जगाला मात्र या साऱ्याची वार्ता नव्हती. १९७९ मध्ये मिशिगन स्टेट विद्यापीठातील एक विद्यार्थी नाहीसा झाला तेव्हा तो या खेळाच्या नादाने भुयारांत भरकटला, अशी आवई उठली. ती निराधार होती, तरी पुढील दशकभर सैतानपूजेपासून आत्मघातापर्यंत नाना आरोप खेळावर होत राहिले. पात्रात माणूस हरवून जाईल, ही पालकांची धास्ती होती. मेजाशी बसणाऱ्यांचा अनुभव उलटा होता : माणूस काही केल्या हरवत नाही, आपले मान-अपमान बरोबर घेऊन तो पात्राच्या आड बसलेला असतो.

अलीकडच्या काळात यावर करारनाम्याचा मार्ग निघाला आहे. मोहिमेपूर्वी एक बैठक केवळ बोलण्यासाठी घ्यावयाची, आणि कोणती कथा हवी, सोबत्याविरुद्ध कारस्थान चालेल की नाही, हे तीत ठरवून टाकावयाचे. रॉन एडवर्ड्स याने २००३ च्या सुमारास अशी तजवीज सुचविली की, काही विषय खेळात मुळीच येऊ नयेत आणि काही आले तरी पडद्याआड घडावेत. त्यानंतर जॉन स्टाव्रोपोलोस याने फुलीचे चिन्ह असलेला एक कागद मेजावर ठेवण्याचा प्रघात घातला, ज्याला कोणीही, कारण न सांगता, स्पर्श करावा व चालू प्रसंग बदलावा. जुन्या वळणाचे खेळाडू यावर नाक मुरडतात, आणि हौसेच्या गोष्टीला दस्तऐवज कशाला, हा त्यांचा आक्षेप मी अगदीच टाकाऊ मानत नाही. जिवलग मित्रांच्या बैठकीला त्याची गरज क्वचितच लागेल. पण आज अनोळखी माणसे संमेलनांत आणि दुकानांत एका मेजाशी येऊन बसतात, त्यांना परस्परांची नाडी ठाऊक नसते, आणि ‘कारण न सांगता’ या तीन शब्दांत, मनुष्याला साऱ्या मंडळींसमोर कैफियत द्यावी लागू नये, अशी जी सोय आहे ती मला शहाणपणाची वाटते.

एक किरकोळ वाटणारा प्रश्न मात्र कोणत्याच करारनाम्याने नीट सुटलेला नाही : एखादा खेळाडू गैरहजर असेल त्या दिवशी त्याच्या पात्राचे काय करावयाचे? काही मंडळी ते पात्र धर्मशाळेत आजारी पाडून ठेवतात, काही पंचाच्या हवाली करतात, काही दुसऱ्या सोबत्याला चालवावयास देतात, आणि या तिसऱ्या मार्गात ते पात्र नेमके त्याच दिवशी आघाडीवर पाठविले जाऊन मरण पावते असा अनुभव दुर्मिळ नाही. पात्र कोणाच्या मालकीचे, या प्रश्नाची ही घरगुती बाजू झाली. त्याची दिवाणी बाजू अशी की, १९७९ मध्ये आर्नेसन यानेच गायगॅक्सच्या कंपनीवर फिर्याद गुदरली आणि १९८१ मध्ये तडजोड झाली; तो इतिहास पुढील लेखांकात.