तोच डाव, नवा नेम

एकदा जिंकलेला डाव मनुष्य पुन्हा का मांडतो? पत्त्यांची आणि बुद्धिबळाची गोष्ट निराळी. तेथे भिडू बदलतो, पाने बदलतात. परंतु ज्या खेळात कथा आधीच लिहिलेली आहे, कोण मरणार आणि कोण राजा होणार हे ठरून गेलेले आहे, तो खेळ आठव्यांदा मांडून बसणाऱ्या माणसाला काय म्हणावे? अशा माणसांची एक मोठी जमात जगभर पसरलेली आहे, आणि प्रस्तुत लेखक तिचा एक जुना सभासद आहे.

आमच्या या खेळाचे नाव ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’. १९९७ साली जपानच्या स्क्वेअर कंपनीने तो प्लेस्टेशनसाठी काढला. यासुमी मात्सुनो हे त्याचे दिग्दर्शक. बुद्धिबळाचा पट डोळ्यांपुढे आणा. त्यावर टेकड्या, छपरे आणि ओढे उभे करा. मग प्रत्येक प्याद्याला एक नाव, एक रास आणि एक पेशा द्या. असे पेशे वीस आहेत: शिपाई, तिरंदाज, वैद्य, मांत्रिक, चोर, नर्तकी, एवढेच काय, गणितीसुद्धा! खेळी आळीपाळीने होत नाही. ज्याच्या त्याच्या चपळाईप्रमाणे आकडा चढत जातो, आणि तो शंभरावर पोचला की त्याची पाळी. पडलेल्या गड्याला वेळेत उठवले नाही, तर तो कायमचा जातो. हातचा जुना, शिकवून तयार केलेला गडी असा गेला की जेवण गोड लागत नाही.

कथा आहे इव्हालिस नावाच्या राज्यातील यादवीची. रामझा हा सरदार घराण्यातला धाकटा मुलगा, आणि त्याच्याबरोबर वाढलेला डेलिटा हा सामान्य कुळातला. डेलिटाची बहीण सरदारांच्या राजकारणात हकनाक मारली जाते आणि दोघा मित्रांच्या वाटा फुटतात. डेलिटा माणसांचा प्याद्यांसारखा उपयोग करीत सिंहासनापर्यंत पोचतो. रामझा घर, नाव आणि मानमरातब सोडून खऱ्याच्या बाजूने लढतो, आणि धर्मपीठ त्याला पाखंडी ठरवते. ही सारी हकीकत पुष्कळ काळानंतर एक इतिहासकार, दडपून ठेवलेल्या कागदपत्रांच्या आधारे, आपल्याला सांगत असतो.

“मामा, शेवट तुला पाठ आहे. मग पुन्हा पुन्हा काय खेळतोस?” असे माझा भाचा मला विचारतो. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, दुसऱ्या खेपेपासून आम्ही तो खेळ तसाच्या तसा खेळत नाही. आम्ही नेम धरतो.

उदाहरणार्थ, पाचही गडी अथपासून इतिपर्यंत तिरंदाजच राहतील, दुसऱ्या कोणत्याही पेशाची विद्या वापरायची नाही, हा एक नेम. ऐकायला सोपा वाटतो. पण औषध देणे ही या खेळात वैद्याची विद्या आहे! म्हणजे तिरंदाजांनी जखम बांधायची नाही आणि पडलेल्याला उठवायचेही नाही. पहिल्या अध्यायात डॉर्टर नावाच्या व्यापारी शहरात एक लढाई आहे. तेथे शत्रूचा तिरंदाज उंच छपरावर बसून नवख्या खेळाडूला रडकुंडीस आणतो. तिरंदाजीचा नेम घेतला की त्याच छपराकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो. कारण उंचावरून बाण अधिक दूर जातो. पूर्वी जी अडचण होती, ती आता मोक्याची जागा होते.

रिओवेनेसच्या किल्ल्याची गोष्ट तर या जमातीत प्रत्येकाला ठाऊक असते. तेथे रामझाला वीग्राफ या योद्ध्याशी एकट्याने झुंजावे लागते, आणि मूळ खेळात एकदा आत शिरल्यावर तयारीसाठी बाहेर येता येत नाही. अनुभवी खेळाडू पळत पळत आरोळ्या ठोकून आपली चपळाई वाढवत नेतो आणि मग उलटतो. नेमात ही आरोळी वर्ज्य असली, तर नवी वाट शोधणे आले.

चौथ्या अध्यायात ऑर्लँडू नावाचा वृद्ध सेनानी आपल्या पक्षाला मिळतो. तो इतका पराक्रमी, की पुढच्या लढाया त्याने जिंकाव्यात आणि आपण चहा घ्यावा! म्हणूनच पहिला नेम बहुतेक सर्वांचा एकच: म्हाताऱ्याला घरी बसवायचे.

काही हौशी मंडळी याही पुढे जातात. ती खेळाच्या आतली कोष्टकेच बदलतात. याला ‘मॉड’ म्हणतात. ‘१.३’ या नावाने ओळखला जाणारा एक मॉड शत्रूच्या हाती चांगली शस्त्रे आणि चांगल्या विद्या देतो. मग पाठ असलेल्या लढाया अनोळखी होतात. २००७ साली निघालेल्या सुधारित आवृत्तीत मंत्र टाकताना चित्र रेंगाळत असे. तो दोषही अशाच हौशी लोकांनी दूर केला. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीने खेळ पुन्हा नव्याने काढला, तेव्हा अवघडपणाच्या तीन पायऱ्या तिनेच ठेवल्या.

मराठीच्या अध्यापकाला यात मोरोपंत दिसले नाहीत तरच नवल. रामकथा सर्वांना पाठ. तरी पंतांनी तिची कितीतरी रायायणे रचली, आणि त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त तर ओठ जुळवून उच्चारायची अक्षरेच वर्ज्य केली. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचे नाही! शेवट काही बदलणार नव्हता. पण त्या बंधनामुळे नेहमीची वाट बंद झाली, आणि भाषेतले आडमार्ग धुंडाळावे लागले.

आता यातली खरी गोष्ट. आपला नेम खेळाला ठाऊकच नसतो. पाच तिरंदाजांनी जिंका, नाहीतर ऑर्लँडूच्या जिवावर जिंका, शेवटी तेच चित्र आणि तेच संगीत. बक्षीस नाही, शाबासकी नाही. मध्यरात्री चौथ्यांदा हरल्यावर एक औषधाची बाटली वापरली, तर विचारणार कोण? एकादशीला तूप घातलेली खिचडी चालते की नाही, असले शास्त्रार्थ आपण स्वतःशीच घालतो आणि निकालही आपणच देतो. कुणी पाहत नसताना आपण शब्द पाळतो की नाही, एवढेच त्या पटावर पणाला लागलेले असते.

आणि रामझाची कथाही तीच नव्हे काय? सोपी वाट त्याच्या घरातच होती. ती त्याने नाकारली. राजाचे नाव बखरीत राहिले, रामझाचे पुसले गेले. पहिल्या खेपेस ही कथा आपण ऐकतो. नेम धरून खेळताना मात्र ती थोडीशी, अगदी तळहाताएवढ्या पटावर का होईना, अंगी लागते.