कॅडमुळे सरकारी कामाचं अंदाजपत्रक अचूक कसं होतं? नाशिकच्या घाटावरून समजून घेऊ

२०१५ नंतर आता २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. म्हणजे रस्ते, पूल आणि गोदावरीचे घाट आलेच. अशा कामाचा खर्च आधी ठरतो कसा? आणि काम अर्ध्यावर आलं की तो वाढतो का?

अंदाजपत्रक म्हणजे काय?

सूत्र सोपं आहे: परिमाण गुणिले दर. दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतून मिळतो. परिमाण मात्र इंजिनिअरला नकाशावरून काढावं लागतं आणि खरी चूक बहुतेक वेळा इथेच होते.

एक उदाहरण पाहू

समजा, १०० मीटर लांबीचा घाट खोदायचाय. एका टोकाला खोदकामाचा छेद २० चौरस मीटर, दुसऱ्या टोकाला ३०. सरासरी २५, म्हणजे २,५०० घनमीटर. पण मधोमध उंचवटा असेल आणि तिथला छेद ४० निघाला, तर तोच हिशोब ३,२५० घनमीटरवर जातो. घनमीटरला ३०० रुपये धरले तरी सव्वादोन लाखांचा फरक! मग काय, वाढीव काम, नवा प्रस्ताव आणि 'सुप्रमा' म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. तोवर पावसाळा येतो. कुंभमेळ्याची तारीख काही पुढे जात नाही.

कॅड इथे काय करतं?

टोटल स्टेशन किंवा ड्रोनने जमिनीचे हजारो बिंदू घेतात. सिव्हिल थ्रीडीसारखं सॉफ्टवेअर त्यांचे त्रिकोण जोडून जमिनीचा पृष्ठभाग तयार करतं. त्यावर घाटाचं डिझाइन ठेवलं की दोन पृष्ठभागांमधला फरक म्हणजेच खोदकाम आणि भराव. पूररेषा पाहून पायऱ्या अर्धा फूट वर घ्यायच्या ठरल्या, तर परिमाणं पुन्हा काढायला फार वेळ लागत नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे बिम. त्यात थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला की त्याला फाइव्ह-डी म्हणतात. आपल्याकडे नागपूर मेट्रोने ही पद्धत वापरली आहे.

पण हे लक्षात ठेवा

१. मोजमापाचे नियम: आयएस १२०० प्रमाणे प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या झरोक्याची वजावट करत नाहीत. मॉडेल मात्र प्रत्येक भोक वजा करतं. तो नियम आपणच लावायचा.

२. जमिनीखालचं: माती किती आणि खडक किती, हे ड्रोनला दिसत नाही. त्यासाठी चाचणी खड्डेच घ्यावे लागतात.

३. सर्वेक्षण: तेच घाईत उरकलं असेल, तर सॉफ्टवेअर कितीही महागडं घ्या. आडात नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

थोडक्यात, कॅड दर कमी करत नाही, पण आकडा कुठून आला हे दाखवतं. तुमच्या भागातल्या कामाचं अंदाजपत्रक माहिती अधिकारात मागवलंत, तर सोबत मोजमाप तक्ता आणि छेदांचे नकाशेही मागा. पैसा आपलाच आहे!