यूएसबी उपकरणांची झोप आणि जाग



किहीमसारख्या किनाऱ्यावरच्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर अलिबाग तालुक्यातली अनेक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. अशा वेळी लॅपटॉपची बॅटरी मोलाची. म्हणून आज पाहूया, यूएसबीला जोडलेल्या वस्तूंची वीज लिनक्स कशी सांभाळतं.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण

२००७ साली कर्जत तालुक्यातील खैरातच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' प्रकल्पाचे 'एक्सओ' लॅपटॉप मुलांच्या हाती आले. ते लिनक्सवर चालत. त्यातली वाय-फाय चिप आतून यूएसबीनेच जोडलेली होती. मुख्य प्रोसेसर झोपला तरी ही चिप जागी राहून शेजारच्या लॅपटॉपचे संदेश पुढे पाठवेल आणि गरज पडल्यास प्रोसेसरला उठवेल, अशी रचना होती. घर झोपलेलं, राखणदार जागा!

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा

१) झोप : संगणक चालू आहे, पण एखादं उपकरण वापरात नाही. त्याच्या 'पॉवर' फोल्डरमधल्या 'कंट्रोल' फाइलमध्ये 'ऑन' असेल तर ते कायम जागं राहतं. 'ऑटो' असेल तर सहसा २ सेकंद वाट पाहून झोपतं. यूएसबी २.० उपकरण ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज घेऊ शकतं. झोपेत फक्त २.५.

२) जाग : पूर्ण संगणक झोपला असताना त्याला कोणी उठवायचं, हे 'वेकअप' फाइल ठरवते. माऊसला 'एनेबल्ड' असेल, तर टेबलाला धक्का लागूनही संगणक उठू शकतो आणि सकाळी बॅटरी रिकामी! तिथे 'डिसेबल्ड' करा.

करायचं काय?

• 'एलएसयूएसबी' कमांडने जोडलेल्या वस्तूंची यादी पाहा.
• 'पॉवरटॉप' सुडोने उघडा. 'ट्यूनेबल्स' टॅबमध्ये एंटर दाबून झोपेची सेटिंग बदलते. नव्या आवृत्तीत 'वेकअप' टॅबही आहे.
• कीबोर्ड-माऊस 'ऑन'च ठेवा. नाहीतर टाईप केलेलं पहिलं अक्षर गळू शकतं, माऊसही क्लिक केल्याशिवाय हलत नाही.
• हे बदल रीस्टार्ट केल्यावर पुसले जातात. कायमचे हवे असतील तर 'यूडेव्ह' नियम लिहावा लागतो.

मुलांसाठी उपक्रम : लॅपटॉप झोपवा. आधी माऊस हलवा, मग कीबोर्डचं बटण दाबा. कोणी उठवलं, कोणी नाही, याचा तक्ता मुलांकडून करून घ्या. मग सेटिंग बदलून पुन्हा पाहा.