न्यूव्ह शापेलच्या भिंतीवरची नावे

इंग्लंडमधील शाळांच्या सहली फ्रान्सला जातात. मुले दुकानात ‘बाँजूर’ म्हणतात, क्रोआसाँ व चीज चाखतात, युद्धभूमीही पाहतात. आपल्या पाल्याची सहल निघाली, तर शिक्षकांना न्यूव्ह शापेल हे गाव अवश्य सुचवावे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी खडकीच्या सॅपर्स-मायनर्सच्या दोन कंपन्या शीख पलटणीबरोबर या गावात शिरल्या. पूल-रस्ते बांधणारे हे जवान घरोघर झुंजले. पण मदतीविना त्यांना मागे हटावे लागले. १९२७ साली उभारलेल्या तेथील स्मारकावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरली आहेत. त्यांची ज्ञात कबर कोठेही नाही. मुले परतल्यावर ‘काय खाल्लेस?’ हे विचाराच; ‘कोणाचे नाव वाचलेस?’ हेही विचारा.